सोडलेले वर्ष अर्जात दाखवावे का?

प्रश्न : माझी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. थोरली मुलगी २०२४ साली राज्य मंडळाची बारावी विज्ञान शाखेतून ७८ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली. गणितात ८४ आणि इंग्रजीत ७१ गुण होते. आमच्या आग्रहाखातर तिने पुण्यात संगणक अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, पण तिचे मन तिथे रमले नाही. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले आणि जानेवारीत ती घरी परत आली. तेव्हापासून दुकानात बसते, वह्या तीच लिहिते, सौद्यातला भाव आणि वायद्याचा भाव रोज शेजारी शेजारी टिपून ठेवते. आता तिला ब्रिटनमध्ये अर्थशास्त्र शिकायचे आहे. पुण्यातील एका सल्लागाराने निबंधासह सगळा अर्ज भरून देण्याचे साठ हजार रुपये सांगितले असून, ‘अभियांत्रिकीचा उल्लेख करू नका, ती घरी तयारी करीत होती असे लिहू’ असा सल्ला दिला आहे. बारावीचे गणिताचे सर म्हणतात, शिफारसपत्र तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो. सध्या अर्ज मीच भरायला घेतला आहे. ते वर्ष लपवावे का? निबंध कसा असावा? पैशांची तजवीज कशी दाखवावी? — एक वडील, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार. पुढील तारखा आणि आकडे २०२६ च्या प्रवेशाचे आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचा सगळा अर्ज त्यावर उभा आहे. ते वर्ष लपवू नका. ब्रिटनमधील पदवी अभ्यासक्रमांचे अर्ज यूकॅस या एकाच मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात आणि तिच्या अर्जातील शिक्षणाच्या भागात माध्यमिक शाळेपासूनचे सगळे शिक्षण, अर्धवट सुटलेलेही, नोंदवावे लागते. अर्ज पाठविताना ‘दिलेली माहिती खरी व पूर्ण आहे’ या निवेदनाला मुलीला स्वतः संमती द्यावी लागते. पुढे विद्यापीठाला एखादी गोष्ट दडविल्याचे आढळले, तर दिलेला प्रवेश काढून घेता येतो, आणि तीच लपवाछपवी व्हिसाच्या अर्जात उतरून फसवणूक ठरली, तर पुढील दहा वर्षांपर्यंत तिचे व्हिसाचे अर्ज नाकारले जाऊ शकतात. साठ हजार रुपये देऊन एवढी जोखीम विकत घेण्याचे काहीच कारण नाही.

शिवाय लपविण्यासारखे त्यात काय आहे, हेही मला कळले नाही. एका मुलीने अठराव्या वर्षी वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून एक शाखा घेतली, ती आपली नव्हे हे तिला एका सत्रात उमगले, आणि ती परत येऊन कामाला लागली. प्रवेश देणाऱ्या प्राध्यापकांना अशा अर्जांची सवय असते. त्यांना खटकते ती कोरी जागा. बारावी २०२४ मध्ये आणि अर्ज २०२५ च्या अखेरीस, मग मधले दीड वर्ष गेले कुठे, हा प्रश्न त्यांना पडतोच, आणि ‘घरी तयारी करीत होती’ हे त्यावरचे सर्वांत कमकुवत उत्तर आहे. कसली तयारी, कोणत्या परीक्षेची, तिचा निकाल काय? एका खोट्या वाक्याला सांभाळायला आणखी तीन लागतात, आणि ती तिन्ही तिला एखाद्या मुलाखतीत इंग्रजीतून, कॅमेऱ्यासमोर सांगावी लागतील. अनेक विद्यापीठे व्हिसासाठीची कागदपत्रे देण्यापूर्वी परदेशी विद्यार्थ्यांची छोटी मुलाखत घेतात आणि शिक्षणातील खंड हा त्यातला ठरलेला प्रश्न असतो.

तेव्हा अर्जात अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाव, प्रवेशाचा आणि सोडल्याचा महिना, आणि अभ्यासक्रम अपूर्ण राहिल्याची नोंद सरळ करावी. राहिलेले दोन विषय आणि उत्तीर्ण झालेले विषय, दोन्ही त्या सत्राच्या गुणपत्रिकेनुसार लिहावेत. याच अनुषंगाने एक व्यावहारिक सूचना. महाविद्यालय सोडल्याचा दाखला, त्या सत्राची गुणपत्रिका आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका तुमच्या हाती आहेत का, हे आजच कपाट उघडून पाहा. वर्ष मध्येच सोडलेल्या मुलांचे मूळ कागद पुष्कळदा महाविद्यालयाच्या कार्यालयातच पडून राहतात आणि ते सोडवून आणायला कधी कधी अर्ज भरण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

आता जे सांगणार आहे, ते तुम्हाला कदाचित रुचणार नाही. अर्ज तुम्ही भरू नका. तुमची कळकळ मला दिसते, आणि पैसे तुम्ही घालणार तेव्हा कागदावर तुमची नजर असणेही योग्यच आहे. पण यूकॅसचा अर्ज अर्जदाराचा असतो. वडिलांनी फोन केला तरी ती संस्था त्यांच्याशी त्याविषयी बोलत नाही. त्यासाठी अर्जातच एक सोय ठेवली आहे. आपल्या वतीने चौकशी करण्याचा अधिकार अर्जदाराला एका व्यक्तीला देता येतो. तिथे मुलीने तुमचे नाव घालावे आणि तुम्ही शेजारी बसून वाचावे, टंकलेखन मात्र तिने करावे. ई-मेलचा पत्ता तिचा स्वतःचा, रोज उघडला जाणारा हवा आणि पासवर्डही तिच्याकडेच हवा.

सल्लागाराबाबतही माझा मुख्य आग्रह एवढाच आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका मुलाचा अर्ज अशाच एका कचेरीने आपल्या ई-मेल पत्त्यावरून भरला होता. त्याला चार विद्यापीठांनी जागा देऊ केल्या. त्यांपैकी कोणती स्वीकारणार हे कळविण्याची मुदत असते आणि त्या मुदतीत उत्तर गेले नाही, तर सगळ्या जागा नाकारल्या असे धरले जाते. त्याची मुदत गेली तेव्हा कचेरीतील कर्मचारी लग्नाच्या रजेवर होता आणि मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्या वर्षी त्याला उरलेल्या जागांतून मिळेल ती घ्यावी लागली. हेही लक्षात ठेवा, की प्रवेश झाला की विद्यापीठाकडून कमिशन मिळते, त्यावर यांपैकी बऱ्याच जणांचा धंदा चालतो. साहजिकच, जिथे त्यांचा करार आहे त्याच विद्यापीठांची नावे ते पुढे करतात. अडतीच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला हे अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही. अर्जाचे अधिकृत शुल्क २०२६ च्या प्रवेशासाठी पाचही निवडी मिळून २८ पौंड ९५ पेन्स आहे. साठ हजारांशी त्याची तुलना तुम्हीच करा.

नाव लिहिण्याचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण आपल्याकडच्या अर्जांत सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे असा क्रम असतो आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात असते. पारपत्रात आडनावाचा रकाना वेगळा आणि बहुतेकांच्या बाबतीत मुलीचे व वडिलांचे नाव मिळून दुसरा रकाना. अर्जात, इंग्रजीच्या परीक्षेच्या नोंदणीत आणि व्हिसाच्या अर्जात पारपत्रातील नाव जसेच्या तसे उतरवायचे. गुणपत्रिकेचा क्रम तिथे चालत नाही. मुलीच्या नावातील दीर्घ ईकारासाठी एका कागदावर ‘आय’ आणि दुसऱ्यावर दोनदा ‘ई’ असा प्रकार असेल, तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्यावा, किंवा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. पारपत्र अजून काढले नसेल, तर उद्याच त्या कामाला लागा.

अर्जातील बाकीचे छोटे रकाने फार डोके न शिणवता भरता येतात. फी कोण भरणार, या प्रश्नाला तुमच्या बाबतीत ‘खासगी निधी’ हे उत्तर आहे आणि त्याचा सांकेतिक क्रमांक ०१ आहे. प्रत्येक निवडीखाली ‘शिकताना घरी राहणार का’ असे विचारतात. अनेक मुले ‘राहायला घर लागणार’ या अर्थाने तिथे होकार देऊन बसतात. प्रश्न आईवडिलांच्या घरी राहण्याचा आहे. सांगलीच्या मुलीचे उत्तर ‘नाही’.

निवडी जास्तीत जास्त पाच करता येतात. त्यांना पसंतीक्रम नसतो, आणि तुम्ही जागा स्वीकारेपर्यंत एका विद्यापीठाला दुसरे कुठे अर्ज केला हे दिसत नाही. त्यामुळे ‘अमुक विद्यापीठाला वाईट वाटेल’ ही भीती बाळगू नका. केंब्रिजचा विचार असेल, तर तो या वर्षी सोडावा लागेल; ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबर २०२५ लाच संपली. उरलेल्या विद्यापीठांत भारतीय बारावीसाठी किती टक्के लागतात, हे प्रत्येकाच्या संकेतस्थळावर भारताच्या पानावर दिलेले असते. ते पान वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मंडळाची : काही विद्यापीठे केंद्रीय मंडळासाठी एक टक्केवारी आणि राज्य मंडळांसाठी तीहून वरची टक्केवारी मागतात. दुसरी, गणिताची : अर्थशास्त्राच्या बी.एस्सी.ला गणितातील गुणांची स्वतंत्र अट पुष्कळ ठिकाणी असते, बी.ए.ला ती बऱ्याचदा सौम्य असते. तुमच्या मुलीने विज्ञान शाखेचे गणित घेतले आहे आणि त्यात ८४ गुण आहेत, ही तिच्या अर्जातील भक्कम बाजू आहे. एकूण ७८ टक्के मात्र अगदी वरच्या फळीतील अर्थशास्त्र विभागांना कमी पडतील. पाचपैकी एखादी निवड हौसेची ठेवावी, बाकीच्या चार ज्यांच्या छापील अटी ती आज पूर्ण करते अशाच असाव्यात. स्कॉटलंडमधील पदवी सर्वसाधारणपणे चार वर्षांची असते, इंग्लंडमधील तीन वर्षांची. विषय बदलून येणाऱ्या मुलीला ते जादा वर्ष अभ्यासाच्या दृष्टीने बरे, पण त्याची फी आणि खर्चही तुमच्याच खिशातून जाणार.

आता निबंध, ज्याला तिकडे पर्सनल स्टेटमेंट म्हणतात. तुम्ही पत्रासोबत पाठविलेला मसुदा वाचला. ‘लहानपणापासूनच मला अर्थशास्त्राची प्रचंड आवड होती’ असे त्याचे पहिले वाक्य आहे. अठराव्या वर्षी संगणक अभियांत्रिकीला गेलेल्या मुलीने हे वाक्य लिहिणे म्हणजे स्वतःच्याच अर्जातील आधल्या पानाला खोटे पाडणे होय. शिवाय अशी वाक्ये हजारोंनी येतात. २००७ मध्ये यूकॅसने हे निबंध संगणकावर एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा २३४ अर्जदारांनी आठव्या वर्षी आपल्या पायजम्याला जळून भोक पडल्याची एकच आठवण लिहिल्याचे निघाले. आता प्रत्येक निबंध आधीच्या निबंधांशी ताडला जातो आणि साधर्म्य आढळल्यास विद्यापीठांना कळविले जाते. साठ हजारांचा निबंध किती जणांना विकला गेला आहे, हे तुम्हाला कोण सांगणार?

पूर्वी हा निबंध सलग लिहायचा असे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले आहेत : हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केले, त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून मोकळ्या जागांसह ४,००० अक्षरचिन्हे आणि प्रत्येक उत्तराला किमान ३५०. तीन उत्तरे सारख्या लांबीची असलीच पाहिजेत असे नाही. हाच एक निबंध पाचही विद्यापीठांना जातो आणि एकदा पाठविल्यावर बदलता येत नाही, म्हणून त्यात कोणत्याही एका विद्यापीठाचे नाव घालू नये.

तुमच्या मुलीचे पहिले उत्तर तुमच्या पत्रातच आहे, आणि ते तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहून गेलात. ती सौद्यातला भाव आणि वायद्याचा भाव रोज शेजारी शेजारी टिपते. का टिपते, हे तिला कधी विचारले आहे का? सौद्यात प्रत्यक्ष पोते फोडून माल हातात घेऊन भाव ठरतो. राजापुरी जातीच्या हळदीचा एक लॉट आणि शेजारचा दुसरा यांत ओलावा, रंग, हळकुंडाची जाडी बघून क्विंटलमागे फरक पडतो. वायदा बाजारात मात्र माल कोणी पाहत नाही. ठरावीक प्रतीचा, ठरावीक महिन्याचा, तेलंगणातील निझामाबादच्या दराशी बांधलेला भाव पडद्यावर हलत असतो. या दोन आकड्यांमधील अंतर कधी वाढते आणि कधी मिटते, नवा माल फेब्रुवारीपासून यार्डात येऊ लागला की त्याचे काय होते, पावसाची बातमी आली की आधी कोणता आकडा हलतो, हे सगळे तिच्या वहीत असणार. त्या अंतराला अर्थशास्त्रात नाव आहे, त्यामागे वाहतूक, साठवण, व्याज आणि अपेक्षा यांचे गणित आहे, आणि ते तिला अजून पुरते उलगडलेले नाही. ‘हे मला उलगडायचे आहे’ एवढे तिने साध्या इंग्रजीत लिहिले, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. त्यासाठी लहानपणापासूनची आवड लागत नाही.

त्या वहीतील एकच आठवडा तिने निवडावा. कोणत्या दिवशी कोणता आकडा होता, तिने काय अंदाज बांधला, तो कुठे चुकला, चुकल्यावर कोणाला काय विचारले. प्राध्यापकाला यातून दिसते, की ही मुलगी आकड्यासमोर थांबते आणि विचार करते. अंदाज चुकल्याचे लिहायला तुम्ही कचराल. तिला कचरू देऊ नका. जुन्या पिढीने सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवून भावाची वाट पाहिली आणि आज तेच काम गोदामाची पावती करते, याबद्दल तिच्या आजोबांकडे एखादी गोष्ट असेल तर दोन वाक्ये त्यालाही द्यावीत. मात्र सांगलीच्या हळदीच्या गौरवाचा परिच्छेद नको. तिथे प्रवेश हळदीला मिळणार नाही.

दुसऱ्या प्रश्नात बारावीचे गणित आणि अभियांत्रिकीचे सत्र दोन्ही यावे. अवकलजाचे उपयोजन, रेषीय नियोजन, संभाव्यता वितरण हे बारावीत शिकलेले घटक अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी पुन्हा भेटणार आहेत. त्यांपैकी एकाचा दुकानातील एखाद्या खऱ्या प्रश्नाशी तिने संबंध जोडून दाखवावा. अभियांत्रिकीविषयी तीन वाक्ये पुरेत : प्रवेश घेतला, दोन विषयांत अनुत्तीर्ण झाले, आणि संगणकाच्या आज्ञावलीपेक्षा तिच्यातील आकडे कुठून आले याचीच मला जास्त उत्सुकता आहे हे कळल्यावर सोडले. अर्थात हे खरे असेल तरच. तिचे कारण वेगळे असेल तर ते तिच्या शब्दांत यावे. तुम्ही आग्रह केला होता हे तिथे लिहू नये. ते खरे असले, तरी अर्जात दोष दुसऱ्यावर टाकलेला वाचणाऱ्याला आवडत नाही.

एक उणीव मात्र भरून काढावी लागेल. विज्ञान शाखेमुळे तिने अर्थशास्त्र हा विषय औपचारिकपणे शिकलेलाच नाही. बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात; ती इंग्रजी माध्यमातून घ्यावीत आणि डिसेंबर संपेपर्यंत निदान मागणी, पुरवठा, लवचिकता आणि बाजारांचे प्रकार ही प्रकरणे वहीशी ताडून वाचावीत. तिसऱ्या प्रश्नात सांगण्यासारखे काहीतरी त्यातून हाती लागेल. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून निबंध लिहून घेण्याचा मोह होईल. व्याकरण तपासण्यापुरता त्याचा उपयोग ठीक. पण दुसऱ्याने लिहिलेले स्वतःचे म्हणून देणे हे यूकॅसच्या लेखी फसवणुकीत मोडू शकते, आणि वहीतला तो आठवडा तर त्या साधनाला ठाऊकच नाही.

शिफारसपत्राबद्दल सरांना दोष देऊ नका. शंभर-सव्वाशेच्या वर्गाला शिकविणाऱ्या माणसाला दीड वर्षापूर्वीच्या एका मुलीविषयी पानभर लिहा म्हटले, तर तो ‘तुम्हीच लिहून आणा’ म्हणणारच. पण तसे करता येत नाही. विनंती यूकॅसकडून थेट सरांच्या ई-मेलवर जाते आणि मजकूर सरच भरतात. कुटुंबीय किंवा मित्रांना शिफारस करता येत नाही, त्यामुळे तुम्ही लिहिलेला मजकूर सरांच्या नावाने जाणेही गैरच. तुमच्या हाती आहे ते एवढेच, की सरांचे काम सोपे करायचे. मुलीने स्वतः जाऊन त्यांना भेटावे; बारावीच्या गुणपत्रिकेची प्रत, गणिताची जुनी वही, निबंधाचा मसुदा आणि वायद्याची ती वही दाखवावी. शिफारशीचेही आता तीन भाग आहेत : महाविद्यालयाची माहिती, विद्यार्थ्याच्या कामगिरीवर परिणाम करणारी काही विशेष परिस्थिती असल्यास ती, आणि विद्यार्थ्याविषयी बाकीचे. पहिल्या भागात वर्गात किती मुले, मंडळ कोणते, परीक्षा कशी असते हे चार वाक्यांत सांगितले, तरी परक्या देशातील वाचणाऱ्याला ७८ टक्क्यांचा अर्थ लागतो. मधला भाग रिकामा राहिला तरी चालेल. घरात आजारपण वगैरे नव्हते, तर ते शोधून काढू नये. सरांचा महाविद्यालयाचा अधिकृत ई-मेल असेल तर तोच द्यावा. बारावीचा निकाल हाती असल्यामुळे अपेक्षित गुण सांगण्याची कटकट तुम्हाला नाही, हे एक बरे झाले.

इंग्रजीच्या ७१ गुणांवर काही विद्यापीठे वेगळ्या परीक्षेतून सूट देतात, काही देत नाहीत, आणि राज्य मंडळाचे गुण कुठे चालतात हेही एकसारखे नाही. पाचही पाने पाहून, एकालाही परीक्षा लागत असेल तर आयईएलटीएससाठी जानेवारी-फेब्रुवारीतील तारीख घ्यावी. त्यासाठी अर्ज थांबविण्याचे कारण नाही. ती अट प्रवेशपत्रात घालून विद्यापीठे जागा देऊ करतात.

पैशांच्या बाबतीत तुमचा धंदा लक्षात घेता एकच गोष्ट सविस्तर सांगतो. परदेशी विद्यार्थ्यांची फी वर्षाला साधारण १५ हजार पौंडांपासून ३० हजारांच्या वरपर्यंत जाते. व्हिसासाठी पहिल्या वर्षाची न भरलेली फी आणि त्यावर राहण्याजेवणाचा खर्च दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नियमानुसार हा खर्च लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ पौंड. ही सगळी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस व्हिसाच्या अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत पडावा लागतो. या सलग शब्दाकडे लक्ष द्या. अडतीच्या खात्यात एका दिवशी शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालाचे पैसे, निघतात आणि चार दिवसांनी खरेदीदाराचे पैसे येतात. मधल्या चार दिवसांत शिल्लक लागणाऱ्या रकमेच्या खाली एकदा जरी गेली, तरी २८ दिवसांची मोजणी मोडली. सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातील किंवा ओव्हरड्राफ्टची मर्यादा ही शिल्लक म्हणून धरली जात नाही. म्हणून एप्रिलमध्येच तुमच्या किंवा तिच्या आईच्या नावे वेगळे बचत खाते काढून रक्कम त्यात ठेवावी, पौंड वर गेला तरी कमी पडू नये म्हणून थोडी जास्त ठेवावी, आणि हंगामाची कितीही निकड आली तरी त्याला हात लावू नये. खाते तुमचे असेल, तर मुलीचा जन्मदाखला आणि तुमचे संमतिपत्र सोबत लागते. नोंदणीकृत बँकेचे शैक्षणिक कर्ज मंजूर असेल, तर २८ दिवसांची अट त्या रकमेला लागत नाही. याखेरीज व्हिसाचे शुल्क (२०२५ मध्ये ते ५२४ पौंड होते), आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड प्रमाणे संपूर्ण मुदतीचा एकदम, आणि मान्यताप्राप्त केंद्रातील क्षयरोगाची तपासणी, एवढे धरून चाला.

‘शिकताना काम करून आणि नंतर नोकरी करून कर्ज फिटते’ असे सल्लागाराने सांगितल्याचेही तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. त्यातून हातखर्च निघतो, फी निघत नाही. पदवीनंतर थांबण्याचा परवाना आतापर्यंत दोन वर्षांचा होता, तो १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांचा होणार आहे, आणि तुमची मुलगी २०२९ मध्ये पदवीधर होईल. पदवीसाठी शिष्यवृत्त्याही थोड्या असतात. ब्रिटिश सरकारची चेवनिंग किंवा राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर आणि त्यापुढील शिक्षणासाठी आहेत. तेव्हा हिशेब असा मांडा, की तिथून एक पौंडही परत येणार नाही. तरीही तो पेलत असेल तर खुशाल पाठवा. जमीन विकून पेलत असेल, तर पुण्याच्या गोखले संस्थेत किंवा एखाद्या चांगल्या महाविद्यालयात अर्थशास्त्राची पदवी घेऊन एका वर्षाच्या एम.एस्सी.साठी तिकडे जाणे हाही विचार मुलीसमोर ठेवावा. निर्णय तिला विचारूनच घ्या. एकदा तिला न विचारता घेतला होता, त्याचे काय झाले ते तुम्हीच लिहिले आहे.

जागा देऊ केल्या की त्यांपैकी एक पक्की आणि एक राखीव अशी निवड करायची असते. राखीव जागेची अट पक्क्या जागेपेक्षा सोपी असावी, नाहीतर ती राखीव ठेवून उपयोग नाही. तिचा निकाल लागलेला असल्यामुळे कदाचित विनाअट जागाच मिळेल. ती पक्की केली तर राखीवेचा प्रश्नच उरत नाही. पण मग मन बदलायलाही फारशी वाव राहत नाही, म्हणून विनाअट हा शब्द पाहून घाईने होकार देऊ नये.

सर्व अर्जांचा समान विचार होण्याची मुदत १४ जानेवारी २०२६, ब्रिटनच्या वेळेनुसार संध्याकाळी सहा, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा. परदेशी विद्यार्थ्यांना ३० जूनपर्यंत अर्ज करता येतो, पण अर्थशास्त्राच्या जागा तोवर अनेक ठिकाणी भरलेल्या असतात. चौदाला संक्रांत आहे आणि त्या दिवशी यूकॅसच्या संकेतस्थळावरही गर्दी असते. सरांना विनंती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जावी आणि अर्ज नाताळापूर्वी पाठवून मोकळे व्हावे. पाठविल्यानंतर यूकॅसचे स्वागताचे ई-मेल येते. तेव्हापासून १४ दिवस निवडी बदलता येतात. पाच नावांपैकी एखादे अजून ठरत नसेल, तरी त्यासाठी अडून राहू नका.